हाकेला आलेलं जनावर

मेंढी मरून पडली होती, आणि तिच्या गळ्यातून लंकाचा आवाज येत होता.

"थांऽब गं बाय, थांब! थांऽब गं बाय, थांब!"

बाजाराची पिशवी खांद्याला लावून लंका ओढ्याच्या चढानं वर आली होती. उन्हं अजून माळावरच होती. आपलाच आवाज समोरून ऐकून पहिल्यांदा तिला हसू आलं. मग वारा फिरला, रक्ताचा वास आला आणि पिशवी खांद्यावरून आपोआप खाली आली.

ती काजळी होती. डोळ्यांभोवती काळं असलेली, लंकानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, सगळ्या कळपाच्या पुढं चालणारी. पोट फाडून आतडी ओढून काढली होती आणि ती पवन्या गवताच्या सोनेरी काड्यांत गुंतली होती. गळ्यातला पट्टा मात्र शाबूत होता. लांडग्यांनी मढं पट्ट्याच्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडं हातभर ओढलं होतं, त्यामुळं तो इमानानं आपलं काम करत होता. मेलेल्या मेंढीला थांब म्हणत होता.

काजळीच्या पुढं दुसरी. तिच्या पुढं तिसरी. लंका बघत गेली. मेंढ्या विखुरलेल्या नव्हत्या. एका सरळ ओळीत पडल्या होत्या, कुणीतरी दोरी धरून मांडाव्यात तशा. ओळीच्या अलीकडं माती उकरलेली, लोकरीचे पुंजके, रक्ताची थारोळी. पलीकडं मात्र गवताची काडीसुद्धा मोडलेली नव्हती. पळायला सगळा माळ मोकळा होता आणि एकही मेंढी त्या बाजूला पळाली नव्हती.

काही अजून उभ्या होत्या. एकीचा गळा फाटून श्वास बाहेरच फुसफुसत होता, तरी ती उभी होती, आणि लंकाकडं तोंड करून उभी होती. हाक आली की जागेवर थांबायचं आणि लंकाकडं तोंड करायचं. शिकवण लंकाचीच.

माळरान केंद्रावर पाण्याची टाकी दुरुस्त करायला गेलेला तिचा नवरा धुळा तोवर पळत आला. कमरेचा कोयता काढून अर्धमेल्या मेंढ्यांजवळ एकेक करून बसला, एका हातानं मेंढीचे डोळे झाकले, दुसऱ्या हातानं काम केलं. कोपरापर्यंत लाल झाला. एखादी तडफडत रेषेपलीकडं गेली, की तिच्याही गळ्यातून लंका ओरडायला लागायची. शेवटी धुळानं दगड उचलला आणि पट्टे ठेचायला सुरुवात केली.

"आधी हे बंद कर लंके, हे बंद कर!"

लंकानं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलं होतं. तरी आवाज येतच होता.

त्यांचा कुत्रा भुंग्या ओळीच्या शेवटाला सापडला. नरडं नव्हतं. दातांत मात्र लांडग्याचे भुरे केस होते. एवढ्या गर्दीत तेवढा एकच आपल्या मनानं वागला होता.

*

हे पट्टे माणदेशात आले त्याला पाच पावसाळे झाले होते. टेंभ्याच्या माळावर तेव्हा गवत म्हणण्यासारखं काही नव्हतं. कुसळ आणि खडे. मेंढरं दिवसभर फिरायची आणि फिरण्यात खाल्लेलं सगळं जिरवून परत यायची.

मग सरकारी माळरान केंद्र आलं आणि त्याच्यासोबत उत्कर्ष भोइटे. हा शिकलेला पोरगा लंकाच्या सासूला आवडला, कारण तो घोंगडीवर बसताना आधी विचारायचा.

भोइट्यानं सांगितलेलं शास्त्र ऐकायला उलटं वाटायचं. गवत अजिबात खाल्लं नाही तरी मरतं, वाळक्या काड्यांची सावली नव्या कोंबाला गुदमरवते. रोज थोडंथोडं खाल्लं तरी मरतं, कारण मुळाला दम घ्यायला सवड मिळत नाही. गवताला हवं असतं ते असं: एकदाच सगळ्यांनी मिळून तुटून पडावं, खुरांनी जमीन फोडावी, लेंड्या टाकाव्यात, बी मातीत दाबावं, आणि मग बराच काळ तिकडं फिरकू नये. जुन्या काळी हे काम हरणांचे कळप करायचे. ते दाटीनं राहायचे आणि सारखे पुढं सरकायचे, कारण मागं लांडगा असायचा. गवत राखत होती ती भीती. लांडगे कमी झाले, मेंढरं ऐसपैस झाली, गोड गवताची तीच ती बेटं खात बसली आणि माळ उजाड झाला.

"म्हंजी तुमचा पट्टा म्हंजी न चावणारा लांडगा," लंका म्हणाली होती.

भोइट्या तिच्याकडं बघतच राहिला. "लंकाताई, हे मी माझ्या अहवालात घालतो."

"घाला. फकस्त माझ्या नावानं घाला."

उन्हावर चालणारा, तळहाताएवढा पट्टा. आकाशातले उपग्रह गवताच्या हिरवेपणाचा प्रकाश मोजायचे, कुठला तुकडा खाऊ द्यायचा ते यंत्र ठरवायचं, आणि माळावर एक रेषा आखली जायची. जमिनीवर काहीच नाही, तार नाही, खांब नाही. तणमोराची अंडी असली तर रेषा त्यांना वळसा घालायची. चिंकारा, खोकड, ससे त्या रेषेतून खुशाल ये-जा करायचे. पट्टेवाल्या मेंढीला मात्र रेषेजवळ आधी आवाज ऐकू यायचा, आणि तरी ती पुढं गेली तर मानेला चटका बसायचा. तीन-चार चटके खाल्ले की आवाजच पुरे व्हायचा. ठरवणाऱ्या यंत्राला माळावरच्या बायका 'कारभारी' म्हणायच्या. हे कारभारी निदान वेळेवर सांगतात, असं त्यावर आणखी.

अडचण आली ती आवाजाची. पट्ट्याची ती टीं-टीं ऐकली की लंकाची मेंढरं बुजायची, एकमेकींवर चढायची. काजळी तर तोंडाला फेस येईस्तोवर गोल फिरली. तेव्हा लंकाच म्हणाली, "माझा आवाज घाला की त्यात. माझ्या हाकंला थांबत्यात त्या. उगं परक्याचं कशाला ऐकत्याल?"

भोइट्यानं आवाज भरून घेतला. तिचा कळप दोन दिवसांत शिकला. मग दिराच्या, सिदाच्या कळपालाही तोच आवाज घातला, मग शेजारच्या वाड्यांनाही. वाडा म्हणजे धनगरांचं फिरतं बिऱ्हाड, चार-पाच घरं आणि त्यांची मेंढरं. बघता बघता सगळ्या माळावर एकच बाई ओरडायला लागली.

"काय गं लंके," बायका चिडवायच्या, "हितं भाकरी थापतीस आन् तिकडं चार टेकड्यांवं वरडतीस. नवऱ्यानं पळायचं तरी कुठं!"

लंका फुगून जायची. का नाही फुगणार? गवत गुडघ्याला लागलं. चिंकारा आले. आणि चिंकाऱ्यांच्या मागं, बोलावल्यासारखा, खरा लांडगा परत आला. राखणीला माणूस कळपासोबत असायचंच असं उरलं नाही. पट्टा होता, भुंग्या होता. कुणी बाजार करून यायचं, कुणी टाकी दुरुस्त करायचं.

हाक म्हणजे काय, हे तिला सासऱ्यानं शिकवलं होतं. तो आता नव्हता, पण त्याचा नेम वाड्यात अजून पाळला जायचा. व्यापारी मेंढरं न्यायला आला की त्या दिवशी कुणी मेंढराला हाक मारायची नाही. ज्याला न्यायचंय त्यानं कळपात शिरावं, स्वतःच्या हातानं धरावं. हाकेला आलेलं जनावर त्या दिवशी विकायचं नाही, कापायचं नाही. विश्वासानं आलं, त्याला सुरी दाखवायची नाही. दस्तगीर मुलाणी हा पोट सुटलेला व्यापारी दर खेपेला माळावर धापा टाकत पळायचा, आपटायचा, आणि सासूबाईला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायचा, "आत्याबाई, तुमचा म्हातारा सरगात बसून हसत आसंल!"

"हसतोयच," सासू म्हणायची. "पळ."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी भोइट्या आला. त्याच्या उडत्या कॅमेऱ्यानं कालचं सगळं टिपलं होतं. वाड्यातली सगळी त्याच्याभोवती जमली. सासू दगडावर बसली, सिदा लांब उभा राहिला. मेलेल्यांत निम्मी मेंढरं सिदाची होती. दोन्ही कळप एकत्र चरत होते.

पडद्यावर माळ दिसला. गवतात एक लांडगीण बसली होती, डावा कान फाटलेला. मेंढरं चरत चरत रेषेजवळ आली. पहिल्या पट्ट्यातून हाक उठली आणि लांडगिणीचे कान उभे झाले. ती निवांत उठली.

"हे बघा," भोइट्या म्हणाला. "ती हाकेचीच वाट बघतीये. तिला कळलंय, की हा आवाज आला म्हणजे मेंढ्या पुढं जाणार नाहीत. तिनं मागून हाकललं, आणि रेषेनं पुढून अडवलं."

"आन् एवढ्या का मारल्या?" धुळानं विचारलं. "खाल्ल्या तर दोन न्हाईत."

"लांडगा एक धरतो, बाकीच्या पळून जातात, म्हणून तो थांबतो. इथं पळालंच नाही कुणी. समोर धडपडणारं जनावर असेपर्यंत त्याचं डोकं त्याला थांबू देत नाही. मेंढ्या लांडग्याला कमी भ्यायल्या आणि..."

"बोला की," सिदा म्हणाला. "आन् वैनीला जास्त."

"मी हे आधी बघायला हवं होतं," भोइट्या म्हणाला. "आजच सगळ्या पट्ट्यांतला आवाज काढतो. कळपावर कुणी चालून आलं तर रेषा आपोआप पुसली जाईल, तेही करतो. पण मेंढ्यांना नवा आवाज शिकायला वेळ लागेल. आणि ही लांडगीण शिकलेली आहे. तिची पिल्लं तिच्याकडून शिकतील."

सिदानं घोंगडीची गाठ सोडली आणि आतली बाटली काढून सगळ्यांना दिसेल अशी धरली. फवारणीचं औषध.

"मढ्यांवर वततो. आज संध्याकाळपतोर शिकली-सवरली समदी साफ."

"औषध?" लंका पहिल्यांदाच बोलली. "भावजी, त्यानं तरस मरंल, खोकडं मरत्याल. समद्या वाड्यांची कुत्री मरत्याल."

"मरू देत."

"तुमची पोर सुमी त्याच वढ्याचं पाणी पिती."

सिदानं बाटली खाली केली नाही. त्याचे डोळे रात्रभर रडून सुजले होते. वाईट माणूस नव्हता तो. अडल्या मेंढीजवळ रात्र काढणारा माणूस होता.

"मग ती एकटी मारतो," तो म्हणाला. "बंदूक हाय माज्याकडं ठासणीची. तुमी फकस्त बोलवा तिला. येती न्हवं तुमच्या हाकंला?"

भोइट्या काही म्हणणार होता. धुळानं त्याच्या दंडाला धरून त्याला गाडीकडं नेलं. हे घरातलं होतं.

सासूनं तोंडातलं पान थुंकलं. "तुजा आबा असता तर सिदा, तुज्या कानफाडात वाजवली असती."

"आबा असता तर म्हाताऱ्यानं आपली हाक यंत्रात घातली नसती, आये!"

ते लंकाला बसलं, जिथं बसायला हवं तिथंच. तिनं सिदाकडं बघितलं. तिच्या नाकात अजून काजळीच्या पोटाचा वास होता. आणि खरं सांगायचं तर ती फक्त विष टाळत नव्हती. तिलाही ती लांडगीण मेलेली बघायची होती. दगडानं डोकं ठेचलेली.

"बाटली द्या हिकडं," ती म्हणाली. "बोलावते मी."

*

संध्याकाळी ती ओढ्याच्या घळीजवळ उभी राहिली. हातात काठी, कमरेला गोफण, ओच्यात गोटे. गोफण माहेरची, भावांपेक्षा तिचा नेम चांगला म्हणून बापानं तिलाच दिलेली. सिदा बोराटीच्या जाळीत बंदूक घेऊन दबला होता. मेंढरं सगळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात होती आणि धुळा त्यांच्याजवळ बसला होता. जाताना तो एवढंच म्हणाला होता, "पायात व्हाणा घाल."

लंकानं श्वास भरला आणि हाक मारली.

"थांऽब गं बाय, थांब!"

आवाज फाटला. इतकी वर्षं पट्ट्यांतून ऐकून ऐकून स्वतःच्या तोंडातून निघालेली हाक तिला कुणीतरी केलेल्या नकलेसारखी वाटली. तिनं पुन्हा मारली. आता लागली, पूर्वीसारखी. समोरच्या टेकाडावरून परतून आली.

लांडगीण आली. लपतछपत नाही, दबकत नाही. दुडक्या चालीनं सरळ आली, जेवायच्या वेळेला कुत्रं दाराशी यावं तशी. फाटका कान, पोटाखाली भरलेली आचळं लोंबत होती. म्हणजे घळीत पिल्लं होती. दगड पोचेल एवढ्या अंतरावर येऊन ती थांबली आणि मेंढरं कुठं दिसत नाहीत म्हणून लंकाच्या तोंडाकडं बघायला लागली.

काजळीसुद्धा अशीच बघायची.

तिच्या कळपातल्या उरलेल्या मेंढ्या कालपासून तिचा आवाज ऐकला की लटलटा कापत होत्या, मुतत होत्या. तिच्या हाकेवर विश्वास असलेलं या माळावर आता हे एकच जनावर उरलं होतं.

जाळीत घोडा ओढल्याचा खटका झाला.

पुढं जे झालं ते तिनं ठरवून केलं असं नाही. हाताला मात्र पट्ट्याचा नियम पाठ होता. आधी आवाज, मग चटका. तिनं गोटा गोफणीत घातला, एकदा फिरवला, "थांऽब गं बाय!" म्हणून ओरडली आणि सोडला.

गोटा जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिच्यापर्यंत आला. लांडगीण जागेवर कोलमडली, तोंडातून रक्त आणि दात सांडले, आणि ती उठली.

"वैनी, बाजूला व्हा!" सिदा ओरडला.

"थांऽब गं बाय!" दुसरा गोटा बरगडीत.

लांडगीण पळायला हवी होती. पण पिल्लांची घळ लंकाच्या मागं होती आणि ती मधे उभी होती. लांडगीण सरळ तिच्यावर आली. लंकाला फक्त भुरं काहीतरी दिसलं आणि पोटरीत आग घुसली. मोडका जबडा नीट मिटत नव्हता, पण उरलेल्या दातांनी मांस धरलं होतं आणि ती झटके देत होती. लंका खाली बसली, काठी दोन्ही हातांत धरून तिनं मारली. पाठीवर, मानेवर, पुन्हा पाठीवर. प्रत्येक फटक्याआधी हाक. रक्त कुणाचं आहे ते कळत नव्हतं. ती रडत होती, मारत होती आणि थांब गं बाय, थांब गं बाय म्हणत होती. काल मेलेल्या सगळ्यांना ती तेच म्हणाली होती.

सिदा जाळीतून बाहेर पळत आला. त्यानं बंदुकीचं तोंड लांडगिणीच्या डोक्याला लावलं.

लंकानं काठी फिरवली. ती सिदाच्या मनगटावर बसली. पुन्हा हाडाचा आवाज झाला, आणि बार जमिनीत गेला. धूर, माती, खडे उडाले. लांडगिणीनं पोटरी सोडली आणि ती तीन पायांवर घळीत उतरली.

सिदा मोडलेलं मनगट छातीशी धरून गुरासारखा ओरडला. मग त्यानं डाव्या हातानं लंकाच्या तोंडात मारली. सगळ्या ताकदीनं. ओठ फुटला. तिनं रक्त बाजूला थुंकलं आणि तिथंच बसून राहिली.

"माजी मेंढरं खाल्ली तिनं! तुमची खाल्ली!" तो ओरडत होता. "आन् तुमीच तर बोलावली व्हती तिला!"

"व्हय," लंका म्हणाली. "मीच बोलावली. म्हणूनच."

सिदा बघत राहिला.

"हाकंला आली व्हती ती, भावजी."

तो खाली बसला. तिच्यापासून चार हातांवर, पाठ करून. दोघंही रडत होते, पण एकमेकांसाठी नाही. अंधारायच्या आत धुळा आला. त्यानं लंकाची पोटरी पाहिली, भावाचं मनगट पाहिलं, आणि कुणाला काही न विचारता पटका सोडून दोन तुकडे केले.

*

सिदानं आपलं बिऱ्हाड हलवलं. ओढ्याच्या पलीकडं वेगळा वाडा मांडला. मनगट वाकडंच जुळलं. सुमी लपून आजीकडं यायची. लंका समोर दिसली की उठून जायची. लंकाला सगळ्यात जास्त लागलं ते हे.

पोटरीचे टाके निघायच्या आधीच ती पुन्हा घळीजवळ गेली होती. या वेळी सोबत धुळा होता, हातात दोन काठ्या घेऊन. हाक आणि गोटा, हाक आणि गोटा. लांडगीण आणखी दोनदा आली, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा लांब थांबली. एकदा तिच्यासोबत एक नरही होता. त्यालाही मांडीवर गोटा बसला. मग एका संध्याकाळी हाक टेकाडावरून परतून आली आणि तिच्यासोबत कुणीच आलं नाही. लांब गवतातून एक फाटका कान उलट्या दिशेला जाताना दिसला.

"चटका शिकली ती," भोइट्या म्हणाला. तो हे कशात लिहिणार होता की नाही, ते त्यानं सांगितलं नाही, आणि लंकानं विचारलं नाही.

पट्ट्यांत आता दुसरीच टीं-टीं होती, आणि कळपासोबत माणूस ठेवायचं पुन्हा ठरलं. लंकानं मात्र माळावर तोंड उघडायचं सोडून दिलं. जुन्या मेंढ्या तिच्या आवाजानं अजून थिजायच्या. ती टाळ्या वाजवायची, काठी आपटायची, मीठ हातात धरून उभी राहायची. धुळाला बोलवायचं तर खडा मारायची. बायका म्हणायच्या, माळावर नवऱ्याला ओरडत नाही अशी ही एकच. धुळा म्हणायचा, खडे बरे हायत का?

वर्ष गेलं. गवत पुन्हा सोनेरी झालं. या खेपेच्या कोकरांनी लंकाचा आवाज ऐकलाच नव्हता. त्यांना फक्त तिचा मिठाचा हात ठाऊक होता.

दस्तगीर मुलाणी आला त्या दिवशी ऊन बरंच वर आलं होतं. त्यानं धोतर खोचलं, पायताणं काढून ठेवली, देवाचं नाव घेतलं आणि कळपाकडं निघाला. तेवढ्यात धुळानं काठी रोखून दाखवलं.

टेकाडाच्या कडेवर लांडगीण उभी होती. जबडा एका बाजूला वाकडा, फाटका कान. मागं तिची मोठी झालेली पिल्लं. ती अजून लांब होती, पण उतार तिच्या बाजूचा होता आणि पुढच्या सपाटीवर सिदाचा कळप चरत होता. सोबत एकटी सुमी.

काठी आपटून तिथवर आवाज जाणार नव्हता.

लंकानं मुलाण्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं. सासूनं मान डोलावली. लंकानं छाती भरून घेतली.

"थांऽब गं बाय, थांब!"

वर्षभर अडकून राहिलेली हाक माळावर सुटली. टेकाडावर लांडगिणीचे कान मानेला चिकटले. ती जागेवरच वळली आणि कडेपलीकडं उतरली. पिल्लांनी त्या आवाजाचा मार कधी खाल्ला नव्हता. त्यांनी आईकडं पाहिलं आणि तिच्यामागं पळाली. सपाटीवर सुमी उभी राहिली होती. तिनं इकडं वळून, बऱ्याच वेळानं, हात वर केला.

लंकाच्या कळपातल्या जुन्या मेंढ्या दगड झाल्या होत्या. कोकरांनी मात्र माना वर केल्या. हा कुणाचा आवाज ते बघायला एक पुढं आलं, मग दुसरं, मग मुलाण्यानं मनात हेरून ठेवलेली सगळीच्या सगळी उड्या मारत आली आणि लंकाच्या पायांशी दाटी करून तिच्या हातात मीठ शोधायला लागली. एकानं तिच्या पोटरीवरचा वण हुंगला.

मुलाणी कमरेवर हात ठेवून उभा होता. "वैनी," तो म्हणाला, "आता वो?"

"आता जावा घरला, दस्तगीरभाऊ," लंका म्हणाली. वर्षभरात ती माळावर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होती. "हाक गेली."